परतणार म्हणते

माझ्या सब्हा आत्याला मी देशाबाहेर घालवलं. भांडण नव्हतं, वाटणी नव्हती, तिने माझं काही वाकडं केलं नव्हतं. उलट मला लहानाचं मोठं करताना जे काही वाकडं होतं ते तिने लांबून, तारेपलीकडून ओरडून सरळ केलं होतं. मी तिला एका शब्दाने घालवलं, आणि तो शब्दही अगदी शुद्ध उच्चारला.

बकरी ईदला चार दिवस होते. आमच्या आक्चाकालेच्या गेटवर सीरियात जाणाऱ्यांची रांग लागली होती. ईदेपुरतं पलीकडे जाऊन यायची परवानगी मिळाली होती आणि लोक आपापली जिवंत माणसं, नाहीतर कबरी, बघून यायला निघाले होते. मला अरबी येते कारण ती घरात बोलतात, आणि तुर्की येते कारण ती शाळेत कान पिळून शिकवतात. म्हणून तेवढ्या दिवसांपुरतं मला दुभाष्या म्हणून खिडकीशी उभं केलं होतं. गळ्यात ओळखपत्र, अंगात इस्त्रीचा शर्ट. दुपारपर्यंत तीनेकशे माणसांचं बोलणं इकडून तिकडे पोचवून माझी जीभ सैल पडली होती आणि मान मात्र ताठ झाली होती. कुणी 'मंत्रालय' चुकीचं म्हटलं तर तेही मी सुधारून देत होतो.

खिडकीतला अधिकारी लांब पश्चिमेकडच्या बोलू शहरातला होता. गावाचं नाव सोडलं तर त्याच्याजवळ बोलणं असं नव्हतंच. समोर दोन गठ्ठे. एक ईदेला जाऊन येणाऱ्यांचा, दुसरा कायमचं सीरियात जाणाऱ्यांचा. माणूस पुढे आला की तो एक शब्द टाकायचा, उत्तर आलं की एक कागद काढायचा.

आत्या पुढे आली. तिला बघून मी जरा जास्तच रुबाबात उभा राहिलो.

"परतणं?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी आत्याकडे वळलो. "आत्या, परतणार ना?"

"परतणार नाही तर काय कबरीवर तंबू ठोकून बसणार? तुझ्या बापाला पुढे कोण भरवणार, तू?"

"परतणार म्हणते," मी सांगितलं.

"नक्की परतणं?"

"नक्की. परतणंच." आणि वर माझा शहाणपणा. "स्वतःच्या मर्जीने. तिला कोण जबरदस्ती करतंय."

त्याने दुसऱ्या गठ्ठ्यातला कागद काढला. आत्याला लिहिता-वाचता येत नाही. मी तिचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि कागदावर, चौकटीच्या बाहेर जाऊ नये म्हणून नीट बेतून, दाबला. कागद वाचला नाही. वाचायचं काय, रोज तेच कागद.

आमच्या घरच्या भाषेत परतणं म्हणजे संध्याकाळी घरी येणं. सरकारी तुर्कीत त्या खिडकीशी परतणं म्हणजे एकच गोष्ट होती. सीरियाच्या माणसाने स्वतःच्या मर्जीने सीरियात जायचं आणि पुन्हा तोंड दाखवायचं नाही. हे मला माहीत होतं. सकाळपासून तीस-चाळीस जणांना मीच ते समजावून दिलं होतं. आत्याच्या वेळी विसरलो, कारण आत्याचं घर कुठलं हा प्रश्नच माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. ती आमच्या घरात जन्मलेली होती.

ती खरोखरच आमच्या घरात जन्मलेली. त्याच अंगणाकडच्या खोलीत, जिथे आता बाबांचा पलंग होता. आजोबांनी मुलाचं नाव सरकारदरबारी घातलं, कारण एक ना एक दिवस सैन्य त्याला शोधत येणारच होतं. मुलीचं नाव कुणी विचारलं नाही म्हणून त्यांनी सांगितलं नाही. आजी लवकर गेली, तेव्हा आत्या नऊ वर्षांची आणि बाबा चार वर्षांचे. तिने त्यांना कडेवर घेऊन रेल्वेरुळाशी शेळ्या चारल्या. आमच्या गावाचं एकच नवल आहे. हे मुळात एक गाव होतं आणि त्याच्या मधून रेल्वे गेली. मग अलीकडे तुर्कस्तान आणि पलीकडे सीरिया, तल अब्यद, असं कुणीतरी ठरवलं. अलीकडचे चुलत, पलीकडचे आत्ते-मामे. मधे तार, तारेशी सुरुंग.

सतराव्या वर्षी आत्याला पलीकडे दिली. वरात गेटमधून गेली. सैनिकाने माणसं मोजली. जाताना अठरा, येताना सतरा. त्याने यादी पुन्हा तपासली आणि विचारलं, एक कुठे राहिली? बाबा बारा वर्षांचे होते. ते म्हणाले, "ती राहिली." ही गोष्ट आत्या दर वेळी सांगायची आणि दर वेळी बाबांच्या त्या वेळच्या तोंडाची नक्कल करायची. सगळे हसायचे. बाबा हसायचे नाहीत.

पुढे तिचं माहेर अंकाराच्या मर्जीवर चालायला लागलं. ईदेला दोन दिवस गेट उघडायचं, कधी नाही उघडायचं. नाही उघडलं की दोन्हीकडची माणसं तारेशी यायची आणि नुसता आरडाओरडा. कुणाला मुलगा झाला, कोण मेलं, बैल किती खातो. एका ईदेला बाबांनी तिच्यासाठी कुलुंचे, म्हणजे आमच्याकडे ईदेला भाजतात ती बडीशेपेची बिस्किटं, फडक्यात बांधून भिरकावली. बाबांचा नेम कधीच चांगला नव्हता. गाठोडं सुरुंगांच्या पट्ट्यात पडलं. आत्या पलीकडून बाबांवर ओरडली, "हुवैदी, ते तिथेच राहू दे, पाय टाकलास तर तंगडं मोडीन." सुरुंगाने मोडलं असतं ते तिला स्वतः मोडायचं होतं. पुढच्या ईदेलाही ते निळं फडकं तिथेच दिसत होतं.

मग एका वर्षी दोन्हीकडची सैन्यं समोरासमोर आली, कशावरून ते आम्हाला टीव्हीने सांगितलं. त्या वर्षी ओरडायलाही जाऊ दिलं नाही. मी जन्मलो ते तिच्यासाठी दोन वर्षांनी कळलेली बातमी म्हणून. मी लहान असतानाच माझी आई गेली, ते तिला त्याच दिवशी कळलं, कारण वाऱ्याची दिशा बरोबर होती आणि आमच्या बायका मोठ्याने रडतात.

दोन हजार नऊ साली अचानक व्हिसा उठला. टीव्हीवर दोन्हीकडचे मंत्री एकमेकांना मिठ्या मारत होते, आपण भाऊ-भाऊ म्हणत होते, शेजाऱ्यांशी आता तंटाच ठेवायचा नाही असं ठरलं होतं. मी बारा वर्षांचा होतो. एका सकाळी दारात टॅक्सी थांबली आणि आत्या उतरली. हातात वाळवलेल्या भेंडीच्या माळा, टपावर तांदळाचं पोतं, आणि पहिलं वाक्य, "हा कोण काटकुळा? हुवैदी, याला जेवायला घालतोस की नुसता शाळेत घालतोस?" मी तिला तुर्कीत नमस्कार केला, शाळेतला. ती म्हणाली, "अरे वा, मास्तर." तेव्हापासून मी मास्तर.

ती आठ दिवस राहिली. दर महिन्याला येऊ लागली. संध्याकाळी बातम्या लागल्या की टीव्हीसमोर हात पसरून म्हणायची, "यांचं जमलं की माझं माहेर उघडतं. यांचा संसार टिकू दे रे देवा." बाकीच्यांच्या घरी परराष्ट्र धोरण म्हणजे काय असतं माहीत नाही. आमच्या घरी ते म्हणजे आत्या जेवायला येणार की नाही, एवढंच.

संसार दोन वर्षं टिकला. मग भाऊ-भाऊ म्हणणारे एकमेकांना खुनी म्हणू लागले, आणि पलीकडे लढाई लागली. तल अब्यद एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिलं. आत्याचा नवरा रोटीच्या रांगेत उभा असताना तोफगोळा पडून मेला. मूलबाळ नव्हतं. शेवटी एका जूनमध्ये अख्खं गाव तारेशी येऊन उभं राहिलं, तार कापली गेली, आणि आत्या सत्तावन्नाव्या वर्षी वाकून, डोक्यावर गादी घेऊन माहेरी आली.

सरकारने पलीकडून आलेल्यांना निर्वासित म्हटलं नाही. पाहुणे म्हटलं. शब्द मायेचा वाटतो. पाहुण्याचं कौतुक करायचं असतं, पण त्याला घर लिहून द्यायचं नसतं. आत्याला पाहुणीचं कार्ड मिळालं, नव्व्याण्णवने सुरू होणाऱ्या नंबरचं. आमचे नंबर तसे सुरू होत नाहीत. जन्माची नोंद कुठेच नव्हती, नवऱ्याच्या कुटुंबाची सरकारी नोंदवही तेवढी होती आणि ती सीरियाची. कार्ड देणाऱ्या कारकुनाने विचारलं, पत्ता काय, कुणाकडे उतरलात? ती म्हणाली, "बापाकडे." कारकुनाने 'नातेवाईक' लिहिलं.

बाबांना या पाहुणचाराची फार गंमत वाटायची. "पाहुणेबाई, चहा घेणार?"

"पाहुणीला भांडी घासायला लावतात होय रे?"

"मग ठेवा. पाहुणी रुसली तर सरकारला काय उत्तर देऊ?"

असं तीन वर्षं चाललं. मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द राहिला, 'सब्हा'. पाणी हवं असलं की सब्हा, पांघरूण हवं असलं की सब्हा, डासाला हाकलायचं असलं तरी सब्हा. माझ्या हातून ते जेवायचे नाहीत. तोंड मिटून घ्यायचे, लहान मूल घेतं तसं. आत्या पलंगाच्या कडेला बसायची, बुलगूरची, म्हणजे भरडलेल्या गव्हाची, पातळ पेज चमच्यात घ्यायची आणि सांगायची, "उघड, हुवैदी. शेळी आली बघ. उघड." तोंड उघडायचं.

त्यानंतर आमचं सैन्य पलीकडे गेलं. आठवडाभर दोन्हीकडून गोळे पडले, आम्ही बाबांना पलंगासकट आतल्या खोलीत ओढलं. लढाई थांबली तेव्हा तल अब्यदवरही आमचाच झेंडा. मला वाटलं, आता भिंत काढतील. तोवर तारेच्या जागी काँक्रीटची भिंत झाली होती. दोन्हीकडे आपलंच, तरी भिंत होती तिथे राहिली.

आत्याला नवऱ्याची कबर बघायची होती. सहा वर्षांत एकदाही बघितली नव्हती, आणि ईदेच्या सकाळी कबरीवर गेलं नाही तर मेलेला माणूस दिवसभर वाट बघतो असं ती मानायची. म्हणून ती त्या रांगेत उभी होती. पाच दिवसांसाठी. बाबांची पेज मला शिकवून गेली होती, आणि पाचच दिवस मास्तरच्या हातून जेव असं बाबांना बजावून.

पाचव्या दिवशी दुपारी मी गेटवरच होतो. गजापलीकडे आत्या दिसली. नवी ओढणी, हातात पिशवी. पिशवीत बाबांसाठी तिकडची मऊ मिठाई, चावायला लागू नये अशी. आमच्या बाजूच्या पोलिसाने तिचं कार्ड यंत्रावर ठेवलं, पुन्हा ठेवलं, आणि मला हाक मारली. भाषांतर करायला.

"काय म्हणतोय तो?" आत्याने विचारलं.

मी पडद्यावर बघितलं. कार्ड बंद झालं होतं. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता.

"म्हणतोय, तू परतलीस."

"कुठे परतले? आत्ता तर परततेय."

"ते नाही, आत्या. कागदावर तू तिकडे परतलीस. कायमची."

"कुणी सांगितलं?"

पोलीस विचारत होता, काय म्हणते ती? त्यालाही मीच सांगायचं होतं.

आत्या माझ्याकडे बघत राहिली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण माझं तोंड तिला लहानपणापासून वाचता येतं. मग ती हळूच म्हणाली, "मास्तर, तू त्याला नीट सांगितलं होतंस ना?"

"नीट सांगितलं होतं."

"मग झालं तर." तिने गजातून पिशवी माझ्याकडे सरकवली. "हे त्याला दुधात कुस्करून दे. आणि हे बघ, त्याला यातलं काही सांगू नकोस. म्हणावं, सब्हा रुसली. म्हणावं, तिला तिकडची हवा मानवली."

बोलूच्या अधिकाऱ्याकडे मी त्याच संध्याकाळी गेलो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने कागद काढून अंगठा दाखवला, चौकटीत अगदी मधोमध. "मी दोनदा विचारलं," तो म्हणाला. त्याच्या मानाने हे भाषणच होतं.

मग अर्ज. कचेरीबाहेरच्या अर्जनवीसाने एक लिहिला, तो मला पसंत पडला नाही म्हणून मी स्वतः सात लिहिले, व्याकरणाची एक चूक नसलेले. पाच अर्जांना उत्तर आलं. उत्तर असं की अर्ज मिळाला. आत्या इथेच जन्मली हे सांगायला तीन म्हातारी माणसं साक्षीला तयार केली. त्यातला एक तारखेआधीच वारला, दुसऱ्याने साक्षीत आत्याऐवजी माझ्या आजीच्या जन्माची हकीकत सांगितली, आणि तीही इतकी रंगवून की कुणी थांबवलं नाही.

आत्या पलीकडे दिराच्या सुनेकडे राहायला लागली. तिच्या गच्चीवरून आमची गच्ची दिसते. मध्ये रूळ, भिंत, आणि सरळ रेषेत सातशे-आठशे पावलं. आमच्या मोबाइलचं नेटवर्क भिंतीला जुमानत नाही, तेवढं बरं. पाच दिवसांची मुदत उलटली तसा पुढचे तीन दिवस बाबांनी माझ्या हातून घास घेतला नाही. चौथ्या दिवशी मी फोन उशीला टेकवून ठेवला.

"हुवैदी," फोनमधून आवाज आला. "उघड. शेळी आली बघ."

बाबांनी मान फिरवून तो आवाज कुठून येतो ते शोधलं. मग तोंड उघडलं.

असे सात महिने गेले. दिवसातून दोनदा आत्या पलीकडून भरवायची आणि चमचा माझ्या हातात असायचा. "हळू रे, गरम आहे ते. फुंकर घाल. घातलीस का? मला ऐकू नाही आली." मी फोनजवळ फुंकर घालायचो. कधी ती बोलता बोलता थांबायची आणि नुसता भांड्यांचा आवाज यायचा, म्हणजे ती तिथे दुसऱ्याची भांडी घासत असायची. बाबा मध्येच दाराकडे बघून म्हणायचे, "सब्हा." त्याचा अर्थ पाणी नव्हता, पांघरूणही नव्हता. आत्या पलीकडून म्हणायची, "रुसलेय मी. येणार नाही जा."

हे खोटं माझ्या सोयीचं होतं म्हणून मी ते चालू दिलं. बापाला वाटावं की बहीण रुसून बसली, आणि मुलाला वाटावं की आपलं नाव वाचलं. जानेवारीत मला ते सहन होईना. एका दुपारी पलंगाच्या कडेला बसून मी बाबांना सगळं सांगितलं. शब्द सांगितला, अंगठा सांगितला, 'स्वतःच्या मर्जीने' हेही सांगितलं. मला वाटलं, मन हलकं होईल. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत होते. चेहऱ्याची एकच बाजू हलते, त्यामुळे त्यांना काय वाटलं ते अर्धंच दिसलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. "उघड, हुवैदी." तोंड उघडलं नाही. "शेळी आली बघ." नाही. अर्धा तास ती बोलत होती. शेवटी तिने मला विचारलं, "काय केलंस रे? सांगितलंस?"

"हो."

"कशाला? माझ्यावर रागावून तो जेवत तरी होता."

दुसऱ्या दिवशी ते जेवले, तिसऱ्या दिवशीही, पण थोडं. फेब्रुवारीच्या अखेरीस छातीत कफ भरला आणि एका सकाळी ते गेले. फोन उशीशी होता. आत्या म्हणत होती, "उघड." मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो, "आत्या, पुरे."

ती म्हणाली, "दोन घास तरी घेऊ दे."

दफन त्याच दिवशी दुपारी. आमचं कब्रस्तान गावाच्या उत्तरेला, भिंतीपासून लांब. जनाजा उचलला तेव्हा आत्याचा फोन. "मास्तर, स्टेशनच्या रस्त्याने न्या. मी गच्चीवर उभी आहे."

स्टेशनचा रस्ता म्हणजे उलटी दिशा. खांदेकऱ्यांत पुढे हमदान काका होते, बाबांचे मित्र. चौऱ्याहत्तर वर्षांचे, गुडघे गेलेले. मी त्यांना सांगितलं. ते वळले, त्यांच्या मागे सगळे वळले. रुळाच्या अलीकडे, जिथे रस्ता संपतो, तिथे आम्ही थांबलो. टेहळणी मनोऱ्यावरचा सैनिक उठून उभा राहिला. समोर भिंत, भिंतीवरून पलीकडची घरं, गच्च्या, टाक्या. एका गच्चीवर काळा ठिपका.

"दिसतंय का?" मी फोनवर विचारलं.

"थोडं डावीकडे घ्या रे. पाण्याची टाकी मध्ये येते."

आम्ही जनाजा घेऊन दहा पावलं डावीकडे सरकलो. चाळीस माणसं, एका ओळीत, खेकड्यासारखी.

"आता?"

"आता दिसतं. जरा उंच धरा."

हमदान काकांनी हात वर ताणले. सगळ्यांनी ताणले. किती वेळ ते माहीत नाही. सैनिकाने वरून विचारलं, इथे काय चाललंय? मी दुभाष्या, पण फोन धरून उभा होतो. हमदान काकांनी त्यांच्या मोडक्या तुर्कीत सांगितलं, "बहीण बघते आहे." सैनिक खाली बसला.

फोनमधून आत्या म्हणाली, "त्याच्या पायाकडची बाजू माझ्याकडे झाली."

आम्ही जनाजा फिरवला. ते सोपं नसतं. डोक्याची बाजू भिंतीकडे आली. मग ती म्हणाली, "न्या आता. जड असेल तुम्हाला." ठिपका गच्चीवर तसाच राहिला. आम्ही उत्तरेला गेलो.

घरासमोर शोकाचा तंबू टाकला. तीन दिवस लोक येत होते, बसत होते, फातिहा वाचत होते, कडू मिर्रा, म्हणजे आमच्याकडची दाट काळी कॉफी, पीत होते. मिर्रा हमदान काका वाढत होते. आमच्याकडे तिचा एकच कप तंबूभर फिरतो. तळाशी दोन घोट ओततात, ते प्यायचे आणि कप वाढणाऱ्याच्या हातात परत द्यायचा. जमिनीवर ठेवला तर देणं लागतं. कप सोन्याने भरून द्या, नाहीतर वाढणाऱ्याचं लग्न लावून द्या. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कप माझ्या हातात असताना फोन वाजला. आत्याला विचारायचं होतं, आज किती लोक आले, हर्रानचे नातेवाईक आले का, मांस पुरलं का. तंबूतल्या सगळ्यांना ऐकू यावं म्हणून मी आवाज मोठा केला, आणि त्या गडबडीत कप जमिनीवर ठेवला.

तंबूतल्या सगळ्यांच्या माना वळल्या. हमदान काका किटली घेऊन तसेच उभे.

"ठेवलास," ते म्हणाले.

"काका, चुकून."

"चुकून तर तुझं सगळंच असतं, मास्तर." माझा गुन्हा सगळ्यांना कळला असला तरी तीन दिवसांत हे पहिल्यांदाच कुणी माझ्या तोंडावर म्हटलं होतं, आणि मला बरं वाटलं. "सोनं तर तुझ्याकडे नाही. लग्न लाव माझं."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "या वयात तुम्हाला मुलगी कोण देणार, काका?"

"आहे की, फोनवर आहे." काकांनी किटली दुसऱ्या हातात घेतली. "नवरा इथला असला की बायकोला कार्ड मिळतं म्हणतात. नव्व्याण्णववालं नाही. खरं."

मग एकदम सगळे हसले, आणि ते हसणं बराच वेळ थांबेना, दोघे-तिघे डोळे पुसायला लागले.

"कोण बोलतंय ते?" आत्याचा आवाज आला. "हमदान का? त्याला म्हणावं, आधी दात बसव."

"दात बसवले तर येशील?" काकांनी फोनकडे बघत विचारलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे काय, माहेरी यायला मला आता नवरा करावा लागणार?"

काकांनी खाली वाकून कप उचलला, अंगठ्याने आतून पुसला आणि पुढच्या माणसाला वाढला.

तंबू उतरून वर्ष होत आलं. आठवा अर्ज गेलाय. दर ईदेला परवानगी निघणार अशी बातमी येते, मग निघत नाही अशी. बोलूच्या अधिकाऱ्याची बदली झाली. हमदान काकांनी दात बसवले, वरचे. तो विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. फक्त कुणाच्या शोकाला, कुणाच्या लग्नाला मी तंबूत बसलो की ते किटली घेऊन ओळीने वाढत येतात, माझ्या शेजाऱ्याला वाढतात आणि मला वगळून पुढे जातात. देणं फिटेपर्यंत मला मिर्रा नाही.

आत्या दर शुक्रवारी फोन करते. कबरीवर गेलास का, पाणी घातलंस का, नीट जेवतोस का, अशी सगळी चौकशी करते. फोन ठेवायच्या आधी हटकून विचारते, "मास्तर, हमदानचं दिलंस का रे?"

"नाही अजून," मी म्हणतो.